धाररावांची पगडी

महाराजांसाठी नवा मारेकरी निवडायचा होता. जीवघेण्या परीक्षांत चार जण मेले आणि एकोणीस वर्षांची चिमा तेवढी उरली. महाराज तिला "शाब्बास!" म्हणाले आणि जुने मारेकरी सरदार धारराव यांचा जळफळाट झाला. वीस वर्षं ती शाबासकी त्यांची होती!

"अजून एक परीक्षा," ते गुरगुरले. "पोरी, उद्या दुपारपर्यंत मला गुलाल लाव. लागला तर मी मेलो असं समजू. नाही लागला, तर तुझी मान उडवू."

धाररावांनी वाड्याची दारं लावली, पहारे दुप्पट केले. दुसऱ्या दुपारी ते मिरवत दरबारात आले. "कुठाय गुलाल? उडवा हिची मान!"

त्वेषाने ओरडून ते घामाघूम झाले, तसा पगडीखालून लाल ओघळ नाकावर उतरला.

चिमा म्हणाली, "सरदार, पगडी तुम्ही रोज पगडबंदाकडून बांधून आणता. आजची मी बांधली."

"खोटं! मान उडवा म्हणतो ना!"

जल्लादाने तलवार उचलली. चिमाने शांतपणे विचारलं, "महाराज, मेलेल्या माणसाचा हुकूम पाळायचा असतो का?"