एका घराला एकच इच्छा

हिवरबारी नावाच्या चिमुकल्या गावात सगुणा राहायची, ती आणि तिचे बाबा. घरात तिसरं कुणी नाही. बाबांचं नाव भिवा. ते बांबूच्या टोपल्या विणायचे, अशा देखण्या की लग्नघरात त्याच हव्यात म्हणून लोक अडून बसायचे. पण दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं साचायला लागलं. आधी बारीक कामट्या दिसेनात, मग कोयता दिसेना, आणि एक दिवस समोर उभी असलेली सगुणासुद्धा दिसेना! आता सांगा, आठ वर्षांच्या पोरीनं काय करायचं?

"दिवाळी झाली की तुला आत्याकडे पाठवतो," बाबा म्हणाले. "माझ्यापायी तुझे हाल नकोत."

आत्या राहायची सात नद्यांपलीकडे. सगुणा ताडकन उठली.

"मी नाही जायची! मी परीबागेत जाते. परीला सांगून तुमचे डोळे बरे करून आणते."

डोंगरापलीकडे परीबाग आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिथे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

सगुणा पहाटेच निघाली. पोचली तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं आणि बाग अशी काही लखलखत होती, की बघतच राहावं! पानापानावर दवाचे टपोरे मणी, गवतावर निळी-जांभळी फुलपाखरं, आणि मधोमध आरशासारखं तळं. तळ्यात एक गुलाबी गुलाबी कमळ आणि कमळात बोटाएवढी परी, चांदीचे इवलेसे पंख पुसत बसलेली.

"परीताई, माझ्या बाबांचे डोळे बरे कराल?"

"करीन की! डोळे आमच्याच मंडळाकडे," कमळपरी गोड हसली. "पण नियम ऐक हं. माणूस सूर्य उगवताना इथे काठावर हवा. रात्रभर नीट झोपलेला हवा, पोटभर जेवलेला हवा. आणि बागेचा मोठा नियम म्हणजे एका घराला एकच इच्छा."

"पण बाबा आंधळे आहेत. डोंगर कसे चढतील? गाडी द्याल का?"

"गाडी आमच्याकडे नाही गं बाळा. बागेत असेल कुणाकडे तरी."

"कुणाकडे?"

परीनं मोठी जांभई दिली. ऊन तापलं होतं. टप टप पाकळ्या मिटल्या आणि परी आत गडप!

सगुणा बघतच राहिली. आता कुणाला विचारायचं? तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. एक म्हातारी धापा टाकत येत होती. तिचं नाव बायजा.

"मिटली का गं ती? कालही अशीच मिटली," बायजाआजी म्हणाली. "तीन दिवस फिरतेय मी. ही म्हणते तिकडे जा, ती म्हणते पलीकडे जा. डोकं गरगरायला लागलंय बघ."

"तुम्हाला काय हवंय, आजी?"

"सोबत," आजी हळूच म्हणाली. "घरात बोलायला कुणी नाही. तेवढंच मागायचंय."

सगुणानं तिचा हात धरला. "चला, दोघी मिळून शोधू."

ऊन चढलं तसा चिनी गुलाबांचा ताटवा फुलला. केवढे रंग! केशरी, किरमिजी, हळदीसारखे पिवळे. त्यातून एक गुटगुटीत परी उड्या मारत आली. "या या! जेवण हवं ना? आमचं मंडळ जेवणाचं!"

"बाबांसाठी जेवण हवंच आहे, पण आधी गाडी हवी. आणि रात्री झोपायला जागा. आणि आजीला सोबत."

परीनं डोकं खाजवलं. "गाडी आमच्याकडे नाही. जागा आमच्याकडे नाही. सोबत, हे तर मी पहिल्यांदाच ऐकते! आणि बाई गं, एका घराला एकच इच्छा. तू तर तीन-चार सांगतेस. आधी ठरव आणि मग ये."

"पण एकट्या जेवणानं बाबांना कसं दिसेल?"

"ते कमळपरीला विचार."

"ती म्हणाली गाडी आणा!"

"मग गाडीवालीला विचार. मी काही तिला ओळखत नाही हं. माझ्या वेळेला ती झोपलेली असते."

सगुणाच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला. गाडी मागावी तर डोळे जातात. डोळे मागावेत तर गाडी नाही. तिनं बोटांवर मोजून पाहिलं, उलटं मोजलं, तरी जमेना. वाटेत पाण्याची घागर शोधणारे एक आजोबा भेटले आणि पोराला औषध हवं असलेली एक बाई भेटली. तीही बिचारी चुकून चिनी गुलाबापाशी आली होती. सगुणानं तोवर सगळी बाग पायाखाली घातली होती. "औषध तळ्यावर मिळतं, मावशी, पण पहाटे या. आजोबा, घागरी त्या कर्दळीपाशी ठेवल्यात, चला दाखवते." स्वतःचं एकही काम झालेलं नाही आणि पोरगी दुसऱ्यांना वाट दाखवत हिंडतेय! बायजाआजी तिच्या बोटाला धरून सगळीकडे.

संध्याकाळी गुलबक्षी उमलली. तिच्या झुडपातून लालचुटुक घागरा सावरत परी आली. "गाडी? आहे की! दोन पांढरेशुभ्र ससे ओढतात. आत्ता आणते तुझ्या बाबांना. पण रात्री ते राहणार कुठे? जागा रातराणीकडे, आणि ती उमलायच्या आत मी दमून झोपते. आम्ही दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलंच नाही. मग सांग, गाडी आणू ना? तुमच्या घराची एक इच्छा संपेल."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा इथे येतील, उघड्यावर कुडकुडतील, उपाशी राहतील, आणि सकाळी कमळपरी म्हणेल, नियमात बसत नाही. बागेत सगळं होतं, आणि काही म्हणता काही मिळत नव्हतं. तिला आजोबा आठवले, औषधवाली मावशी आठवली. तिच्यासारखेच सगळे गरगर फिरत होते.

"परीताई," ती हुंदका आवरत म्हणाली, "माझी इच्छा सांगते. तुम्ही सगळ्या जणी एकदा, फक्त एकदा, एकाच वेळी जाग्या व्हा. आणि एकमेकींशी बोला."

"अगं वेडे! मग बाबांच्या डोळ्यांचं काय?"

"कळत नाही मला. पण हेच मागते."

गुलबक्षीपरीनं छडी फिरवली. आणि काय सांगू! कमळ उघडलं, चिनी गुलाब फुलले, रातराणी घमघमली, सगळी बाग सोनेरी उजेडानं न्हाऊन निघाली. चारी पऱ्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

"अय्या! गाडीवाली ती तू होय?" चिनी गुलाबाची परी म्हणाली.

"आणि रातराणी ती तू! मी वर्षानुवर्षं माणसं उघड्यावर सोडून येते गं!" गुलबक्षीपरी म्हणाली.

"आणि मी त्यांना उपाशी म्हणून परत पाठवते," कमळपरी पुटपुटली. तिचं तोंड एवढंसं झालं.

मग चौघी गोल करून बसल्या आणि ठरवलं. बागेच्या फाटकाशी एक दिवा लावायचा, तिथे माणसानं एकदाच आपली अडचण सांगायची. पुढचं कुणी काय करायचं ते पऱ्यांनी आपापसात बघायचं, आणि चौघींनी मिळून केलेलं काम एकच इच्छा धरायचं. सगुणा ऐकत होती आणि तिला हसावं की रडावं कळत नव्हतं.

"पण हिच्या घराची इच्छा तर संपली," कमळपरी हळू आवाजात म्हणाली. "नियम आहे."

तेव्हा बायजाआजी काठी टेकत पुढे आली.

"माझ्या घराची इच्छा शिल्लक आहे ना?"

"आहे. पण आजी, सोबत आमच्या कुणाकडेच नाही हो."

"नसू दे. मला ती सकाळीच मिळाली, या पोरीकडून. तुमच्याकडून काही घ्यायचं राहिलेलं नाही. माझी इच्छा हिच्या बाबांना द्या."

सगुणा आजीच्या कुशीत शिरली आणि मोठमोठ्यानं रडली.

त्याच संध्याकाळी सशांची गाडी हिवरबारीहून बाबांना घेऊन आली. चिनी गुलाबानं ऊन ऊन भात वाढला, रातराणीनं मऊ अंथरूण दिलं. आणि सूर्य उगवताना कमळपरीनं दवाचे दोन थेंब त्यांच्या डोळ्यांत सोडले.

बाबांनी पापण्या उघडल्या. बराच वेळ ते नुसते लेकीकडे पाहत राहिले.

"केवढी मोठी झालीस गं," ते म्हणाले. "आता तुला कुठे पाठवत नाही बघ."

चारी पऱ्या हसल्या, उजेडाच्या चार ठिणग्या होऊन वर गेल्या आणि उन्हात मिसळून दिसेनाशा झाल्या. काठावर तीनच माणसं उरली. बायजाआजी काठी उचलून निघायच्या बेतात होती.

"आणि या कोण?" बाबांनी विचारलं.

सगुणानं आजीचं बोट घट्ट धरलं. "ही आपल्या घरी येतेय, बाबा."