शेळी ज्याला टेकेल, तो आधी

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की तेव्हा माणसं आजारी पडली की घरात तोंड लपवून बसत नसत. सकाळी उठून वैद्याच्या ओट्यावर जाऊन बसत. तिथे एकमेकांची दुखणी ऐकत, एकमेकांची थट्टा करत, आणि निम्मी दुखणी तिथेच विसरून घरी जात. गेले ते दिवस. तर बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून ‘आम्ही काही ऐकत नाही’ असं दाखवणाऱ्या मोठ्यांनो, नीट ऐका.

नदीकाठच्या एका गावात एक वैद्यबुवा राहत. मोठे हुशार. मनगटावर तीन बोटं ठेवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “काल जेवणात वांगी होती. दोनदा वाढून घेतलीस.” समोरचा माणूस ओशाळून हसायचा. बुवांच्या बोटांना नाडी ऐकू येते, असं गाव म्हणायचं. बुवांनाही ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये?

त्यांच्या घरात आणखी दोघी होत्या. एक त्यांची बायको, जिला सगळा गाव काकू म्हणे. आणि दुसरी काकूंची शेळी. काळं अंग, त्यावर कवड्या उधळल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी. इतर गोष्टींमधली जनावरं बोलतात. ही बोलत नव्हती, तेच बरं होतं, कारण स्वभावानं ती भलतीच खवट होती. वाळत घातलेली गुळवेल खायची, पाहुण्यांच्या उपरण्याचं टोक चघळायची, आणि रागावलं तर उलट रोखून बघायची.

पण या कवडीला एक खोड होती. सकाळी ओट्यावर माणसं जमली की ती रांगेतून सावकाश फिरायची, एकेकाला हुंगायची, आणि मध्येच एखाद्यापाशी थांबून त्याच्या गुडघ्याला अंग टेकून उभी राहायची. तो हाकलायचा, तरी हलायची नाही.

एकदा एक लोहार पायात काटा मोडला म्हणून आला. धडधाकट गडी, रांगेत सगळ्यात शेवटी बसलेला. कवडी सगळ्यांना ओलांडून त्याच्याकडे गेली आणि टेकली. काकूंनी दारातून ते पाहिलं आणि हाताचं पीठ झटकत बाहेर आल्या.

“तू आधी आत ये रे बाबा,” त्या म्हणाल्या.

“अहो काकू, नुसता काटाच आहे,” लोहार म्हणाला आणि दुसऱ्याच क्षणी ओक्साबोक्शी रडायला लागला. त्याचा पाठचा भाऊ आठ दिवसांपूर्वी नदीत बुडाला होता. भात्याच्या आवाजात त्याला रडायलाच मिळालं नव्हतं. बुवांनी काटा काढला. काकूंनी त्याला वाटीभर आंबील दिली आणि कवडी त्याची आंबील संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

तेव्हापासून त्या ओट्यावर रिवाजच पडला. शेळी ज्याला टेकेल, तो आधी आत. मग तो शेवटी आलेला असो की समोर पाटील बसलेला असो.

बुवा कधीकधी बायकोला चिडवायचे, “माझ्यापेक्षा तुझी शेळीच शहाणी म्हणायची!”

“शहाणी कसली हो,” काकू म्हणायच्या. “तुम्हाला नाडी बघायची असते, मला भाकऱ्या थापायच्या असतात. तिला काहीच काम नसतं, म्हणून ती माणसाकडे बघते.”

अशी कितीतरी वर्षं गेली. सकाळी जात्याची घरघर, मग ओट्यावरच्या गप्पा, मग ओवा भाजल्याचा वास. पुढे बुवांना त्या सकाळी आठवायच्या, तेव्हा त्यांना वाटायचं, आपण त्यातली एक तरी नीट बघून घ्यायला हवी होती.

मग एका सकाळी काकू दळायला बसल्या असताना कवडी आत आली आणि त्यांच्या पाठीला टेकली. जातं थांबलं.

“अहो, बघा तरी,” काकू हसत म्हणाल्या. “आज ही मलाच टेकली!”

बुवा खलात सुंठ कुटत होते. त्यांनी मानही वर केली नाही. “दाणे दिसले असतील तिला,” ते म्हणाले आणि हसले. काकूही हसल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंना ताप भरला. बुवांनी होती नव्हती ती सगळी विद्या पणाला लावली. पाचव्या दिवशी काकू गेल्या. ते पाचही दिवस कवडी अंथरुणापाशी बसून होती. पाल्याला तोंड लावलं नाही तिनं. काकूंचा हात तिच्या मानेवर होता, तो अखेरपर्यंत तसाच होता.

दिवसकार्य उरकलं आणि बुवांनी कवडीला घरामागे परसात खुंट्याला बांधून टाकलं.

“औषधं खाते मेली,” असं ते लोकांना सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. ती समोर आली की त्यांना आपलंच हसणं ऐकू यायचं. एक दिवस आधी सांगितलं होतं तिनं. आणि आपण, एवढे मोठे नाडी बघणारे, हसलो! हे ते कुणालाच बोलले नाहीत.

बुवा पुन्हा ओट्यावर बसू लागले. पण काहीतरी बिनसलं होतं. मनगटावर बोटं ठेवावीत तर बोटांना काही म्हणजे काही कळेना. आधी वाटलं थंडी आहे, मग वाटलं वय झालं. बुवा एक वेळ जेवायचे, तेही चार घास. अंगरखा खांद्यावरून ओघळायला लागला. आलेल्या प्रत्येकाला ते सुंठीचा काढा द्यायचे, कारण त्यानं निदान कुणाचं वाईट होत नाही. लोकांच्या ते लक्षात आलं होतं. तरी लोक यायचे, काढा घेऊन जायचे, आणि बुवांना तोंडावर कुणी काही बोलायचं नाही.

परसातून मात्र दिवसभर ‘में में’ चालायचं. कवडी दाव्याला हिसके देऊन मानेचे केस घालवून बसली होती. बुवांना वाटायचं, हिला मालकिणीची आठवण येते. एकदा जवळ जाऊन म्हणालेसुद्धा, “नाही गं येणार ती आता. ओरडून काय उपयोग?” कवडीनं त्यांच्या धोतराकडे मान लांब केली, तसे ते घाईनं मागे सरले.

अशात एक दिवस कुंभाराची सून आली. विशी-बाविशीची पोर. “डोकं दुखतं,” एवढंच बोलली. बुवांनी बोटं ठेवली, काही कळलं नाही, काढा दिला. तीन दिवसांनी ती पाण्याच्या वाटेवर घागरीसकट कोसळली. माहेरी तिची आई गेली होती, ते तिला महिन्यानं कळलं होतं, आणि तेव्हापासून पोरीनं अन्न टाकलं होतं. शेजारणींनी दूध-पेज पाजून, मांडीवर निजवून तिला माणसांत आणलं. ती वाचली हो, घाबरू नका. पण बुवांना ते फार लागलं.

कवडी मोकळी असती तर या पोरीला टेकली असती, आणि आपण विचारलं असतं. हे त्यांना पक्कं कळत होतं. पण माणूस विचित्र असतो. कवडीला सोडायचं सोडून त्यांनी आपलं कामच सोडायचं ठरवलं. वरच्या रानात धनगरांचा तळ पडला होता. त्यांना निरोप गेला, सोमवारी येऊन शेळी घेऊन जा. आणि त्याच सोमवारी ओट्यावर सांगायचं, लोकहो, दुसरा वैद्य बघा. पुढे काय? पुढे दार लावून पडून राहायचं, एवढंच बुवांच्या मनात होतं. दार लावून पडलेला तो म्हातारा किती दिवस टिकला असता, ते तुम्हीच ओळखा.

सोमवार उजाडला. ओट्यावर पाचसात माणसं जमली. गुडघे धरून बसणारी गुरवीण आजी होती, पाठ धरलेला लोहार होता, आणि अजून अशक्त असलेली कुंभाराची सूनही होती. बुवा बाहेर आले, पाटावर बसले आणि घसा खाकरला.

“मला जरा सांगायचंय,” ते म्हणाले.

तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून कवडी आली. गळ्यात कुरतडलेलं अर्धं दावं लोंबत होतं.

सगळ्यांना तो जुना रिवाज आठवला. आज कुणाला टेकते? माणसं सावरून बसली. कवडी गुरवीण आजीपाशी आली, तिचे गुडघे हुंगले आणि पुढे गेली. लोहारापाशी क्षणभर थांबली. कुंभाराच्या सुनेपाशी थोडी जास्त थांबली, तिचा हात चाटला. मग तिलाही ओलांडून सरळ पाटापाशी गेली आणि बुवांच्या गुडघ्याला अंग टेकून उभी राहिली.

“हाकला रे हिला!” बुवा ओरडले.

कुणी हललं नाही. बुवांनी दोन्ही हातांनी तिला ढकललं. ती दोन पावलं मागे गेली आणि परत येऊन टेकली. त्यांनी पुन्हा ढकललं. ती पुन्हा आली.

“वैद्यबुवा,” गुरवीण आजी म्हणाली, “रिवाज तुमच्याच घरचा. आज आधी तुम्ही.”

“मला काय झालंय?” बुवा म्हणाले.

“ते तुम्ही सांगायचं. आम्ही नाही का इतकी वर्षं सांगत आलो?”

बुवांचा हात आपोआप कवडीच्या मानेवर गेला. काकूंचा असायचा, नेमक्या त्याच जागी. तिथे दाव्यानं घासून कातडं लाल झालं होतं. ते बघितलं आणि म्हाताऱ्याचा बांध फुटला.

“हिनं मला सांगितलं होतं,” ते रडत म्हणाले. “एक दिवस आधी सांगितलं होतं. ती म्हणाली, बघा तरी, मलाच टेकली. आणि मी हसलो. मी तिचा हातसुद्धा हातात घेतला नाही. सगळ्या गावाची नाडी बघितली मी, घरची तेवढी राहिली.”

कुणी ‘असं बोलू नये’ म्हणालं नाही. कुणी शहाणपण सांगितलं नाही. कुंभाराची सून उठली, न विचारता काकूंच्या चुलीपाशी गेली आणि पेज टाकली. आणि गुरवीण आजी गुडघे सांभाळत पुढे सरकली. तिनं बुवांचं मनगट धरलं.

“मला त्यातलं काही कळत नाही बरं,” ती म्हणाली. “पण धरून ठेवते.”

पेज होईपर्यंत तिनं ते धरून ठेवलं. कितीतरी महिन्यांनी बुवांनी पोटभर खाल्लं. कवडीनं तेवढ्या वेळात लोहाराच्या उपरण्याचं टोक चघळून टाकलं, आणि लोहारानं ते चघळू दिलं.

दुपारी धनगर शेळी न्यायला आला. त्याला तांब्याभर ताक मिळालं, शेळी मिळाली नाही. “काम आहे तिला इथे,” बुवा म्हणाले.

बोटं काही एका दिवसात ताळ्यावर आली नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कवडी एका माणसाला टेकली, तेव्हा बुवांनी आधी मनगट मागितलं नाही. ते त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, “बोल बाबा, घाई नाही.” तो बराच वेळ बोलला. मग बुवांनी बोटं ठेवली, आणि अगदी बारीक, लांबून आल्यासारखी, नाडी त्यांना कळली.

कवडी पुढे म्हातारी होऊन गेली. बुवाही गेले. आता तो ओटा नाही, आणि शेजारच्याला ‘आधी तू जा’ म्हणणारी ती रांगही नाही. पण त्या गावात अजून कुणी गप्प गप्प दिसलं, तर लोक त्याला एवढंच विचारतात, “काय रे, शेळी टेकली असती का तुला?” आणि उत्तराची वाट बघत शेजारी बसतात.

तात्पर्य: दुसऱ्यांची दुखणी बघणाऱ्यालाही दुखणं असतं, म्हणून आपल्याला टेकायला आलेल्या मुक्या जिवाला कधी हाकलू नये.