साळुंकीसाठी कोरलेली ढोली

रानातले पक्षी एकमेकांची कामं करून पोट भरायचे, त्या काळी नदीकाठी एक सुतारपक्षी ढोल्या कोरून द्यायचा. कोणीही आलं की तो म्हणायचा, "होऊन जाईल." नाही म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. त्यामुळे झाडोझाडी त्याची कामं अर्धवट पडलेली असायची.

शेजारची साळुंकी रोज सकाळी त्याच्याशी गप्पा मारायची. अंडी घालायची वेळ जवळ आली तेव्हा तिनेही ढोली मागितली. तिलाही तेच उत्तर मिळत राहिलं. शेवटी एका सकाळी ती आलीच नाही. त्याने घाईघाईने ढोली पुरी केली, पण ती परतली नाही. सकाळ त्याला खायला उठू लागली.

ती पलीकडच्या काठावर गेल्याचं कळलं, तेव्हा न राहवून तो नदी ओलांडून गेला. साळुंकी दरडीच्या कपारीत पिलांना भरवत होती.

"ढोली तयार आहे. परत ये," तो म्हणाला.

"आता पिलं इथंच वाढतील," ती हळूच म्हणाली. "जमणार नाही असं सांगितलं असतंस, तर मी त्याच काठावर दुसरी जागा शोधली असती. शेजार तरी राहिला असता."

तो परतला तेव्हा पोपटाची जोडी ढोली कोरून मागायला आली होती.

"या हंगामात जमणार नाही," तो अडखळत म्हणाला. "तोवर ही ढोली घ्या, नाहीतर वडाकडे बघा."

"बरं झालं सांगितलंत. ही आम्हाला लहान पडेल," असं म्हणून पोपट वडाकडे गेले. वड याच काठावर होता. संध्याकाळपर्यंत त्यांचा कलकलाट सुतारपक्ष्याच्या कानावर येत राहिला आणि तो नदीपलीकडे बघत बसला.