वार्निस लावलेला अडकित्ता

गोष्ट सांगा म्हणता आणि मधेच उठून जाता, म्हणून मला सांगायचा कंटाळा आहे. बसलाच आहात तर ऐका.

फार मागे एक पितळी अडकित्ता होता, मोराच्या घाटाचा. दांडे दाबले की मोर चोच मिटायचा, सुपारीची दोन भकलं व्हायची आणि शेपटीतलं घुंगरू वाजायचं. जुन्या यंत्रांचे शौकीन अच्युतराव त्याला बाजारातून घेऊन आले. त्यांनी तो घासला, चकाकी टिकावी म्हणून जाड वार्निस फासलं आणि काचेच्या कपाटात ठेवला.

येणारे-जाणारे म्हणायचे, "काय डोकं चालवलंय कारागिरानं." पण कपाट कुणी उघडत नसे.

शेजारचं चावीचं घड्याळ म्हणालं, "एवढं कौतुक होतंय, मग तोंड का पाडतोस?"

"सुपारी कुणी देत नाही," मोर म्हणाला.

एकदा अच्युतरावांच्या आत्या आल्या. जेवण झाल्यावर त्यांनी कपाट उघडून मोर हातात घेतला. "चल बाबा, लाग कामाला." माणसाचा हात लागताच मोराला हुरूप आला. आत्यांनी दांडे ओढले, पण वार्निसानं सांध्याचा खिळाच धरला होता. मोरानं सगळा जोर लावला तरी चोच उघडेना.

"नुसता शोभेचा दिसतोय," म्हणत आत्यांनी तो परत ठेवला आणि दाराच्या फटीत सुपारी धरून फोडली. तो आवाज मोरानं काचेआडून ऐकला.

संपली गोष्ट. माझ्या रोजच्या अडकित्त्याला न विचारता वार्निस फासणारा दत्तू तांबट अजून माफी मागायला आलेला नाही.