ऐकू न येणारी सनई

एका राज्यात नगराच्या महाद्वाराला किल्ली नव्हती, कडी नव्हती, अडसरही नव्हता. ते द्वार सुरांनी उघडे. द्वाराच्या माथ्यावर नगारखाना होता. तिथं नऊ वादक रोज पहाटे बसत, नगारे, झांज, कर्णा आणि सनया एकत्र वाजवीत, आणि नवांचा मेळ जमला की ती दोन अजस्र दारं आपोआप मागं सरत. मग बाया नदीवर पाण्याला जात, गावोगावचं धान्य आत येई, आणि नगराचा दिवस सुरू होई.

त्या नवांत गोजरा नावाची एक बाई होती. वय चाळिशीचं, मागंपुढं कुणी नाही. ती सूर धरी. सूर धरणं म्हणजे सनईतून एकच स्वर, श्वास न तोडता, अखंड वाजवीत राहणं. बाकीचे आठ त्या स्वराला टेकून वाजवीत. ऐकणारे नगाऱ्याला मान डोलावीत, कर्ण्याला दाद देत. गोजराच्या सुराचं नाव कुणी काढीत नसे. वीस वर्षं असंच चाललं होतं आणि तिला त्यात उणं वाटत नव्हतं. जेवणवेळी झांजवाली येसू तिच्या शेजारी बसे, दोघी एकमेकींच्या भाकरीचा तुकडा मोडून घेत. तेवढ्यावर तिचं भागत होतं.

तिला सूर धरायला शिकवलं होतं भिवाजीबुवांनी. बुवा म्हातारे झाले, छातीत श्वास पुरेना, तेव्हा ते नगारखाना सोडून तटाच्या आतच, बेलाच्या राईपलीकडच्या झोपडीत राहायला गेले. गोजरा रोज त्यांना तांब्याभर दूध नेऊन देई.

एके दिवशी ती जिना चढून वर आली तर तिची चटई आपल्या जागी नव्हती. कुणीतरी ती हातभर बाजूला, खांबाआड सरकवली होती. ती आल्याबरोबर चाललेलं बोलणं थांबलं. ती पाणी प्यायली, तर येसूनं उठून रांजणातलं पाणी ओतून दिलं आणि रांजण विसळला. जेवणवेळी येसू पलीकडे तोंड करून बसली.

खाली उतरताना पहारेकऱ्यानं तिला अडवलं. हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. लोक म्हणतात, तुम्ही बुवांच्या दुधात मंतरलेलं भस्म घालून त्यांचा श्वास चोरलात."

गोजरा हसली. हसता हसता तिनं वर पाहिलं. सज्जात उभे असलेले आठही जण खाली बघत होते, आणि त्यांतला एकही हसत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं बुवांकडे दूध नेणं सोडलं. लोकांना आणखी बोलायला नको, असं तिला वाटलं. चुलीपाशी एकटीच बसे, एकटीच जेवे. कुणाशी बोलायचं नसल्यामुळे तिचा आवाज दिवसदिवस घशातच राही.

आठवडा सरला, आणि एका पहाटे शेजारचा सनईवाला ओरडला, "फुंक की! सनई तोंडाला लावून नुसती काय बसलीस?"

"फुंकतेच आहे," गोजरा म्हणाली.

तिला आपला सूर ऐकू येत होता, स्वच्छ, रोजच्यासारखा. बाकी आठांपैकी कुणालाही तो ऐकू येत नव्हता. टेकायला सूर नाही म्हटल्यावर एकाची सनई चढली, दुसऱ्याची उतरली, कर्णा भलत्याच वेळी वाजला. द्वार उघडलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही, सात दिवस नाही. लोकांनी तटाला शिड्या लावल्या. शिडी लावली की तट शिडीहून हातभर उंच होई. नगरातल्या विहिरी तळाला गेल्या, तान्ह्या मुलांसाठी घोट घोट पाणी राखून ठेवण्याची वेळ आली.

राजा सिंहकेतूनं गोजराला दरबारात बोलावलं.

"गोजराबाई, तुमच्यावर आळ आहे. खरा की खोटा?"

"खोटा, महाराज."

"मग द्वार का उघडत नाही?"

"ते मला माहीत नाही, महाराज."

राजा दुष्ट नव्हता, पण त्याची प्रजा तहानलेली होती. तो म्हणाला, "तीन दिवस देतो. तिसऱ्या सांजेपर्यंत द्वार उघडलं नाही, तर तुम्हाला मौनबुरुजात जावं लागेल."

मौनबुरूज तटाच्या टोकाला होता. त्यात गेलेल्या माणसाचा आवाज बाहेर येत नसे, आणि काही दिवसांनी त्याचा आवाज कसा होता हेही कुणाला आठवत नसे. गोजरानं मान लववली आणि ती नगारखान्यात येऊन खांबाआड बसली.

महाद्वाराच्या कमानीत एक साळुंकी राहत होती. ती तीनशे वर्षांची होती आणि बोलत असे. ती गोजराच्या गुडघ्यावर येऊन बसली.

"बाई, हे द्वार वक्रनाथ मांत्रिकानं बांधलं. बांधताना त्याच्या हाताखालचे लोक आपसांत म्हणाले, हा चुन्यात माणसाचं रक्त मिसळतो. त्याला कुणी विचारलं नाही. सगळे त्याच्यापासून दूर झाले. द्वार पुरं झालं तेव्हा त्यानं शाप दिला, इथं ज्याच्यामागं आठवडाभर कुजबुज होईल, त्याचा सूर कुजबुजणाऱ्यांना ऐकू येणार नाही. मग उंबऱ्यात शिरून तो सावली झाला."

"आणि उःशाप?"

"बोल ज्या तोंडांतून आला, त्याच तोंडांतून मागं न्यायचा. तीन तोंडं आहेत, आणि त्यांच्यामागं पहिलं, जिथून बोल निघाला ते. शेवटच्यापासून, कर्णेवाल्या निंबाजीपासून, सुरू कर. प्रत्येकाला समोर बसून विचारायचं. रागावायचं नाही. आणि पहिल्या तोंडानं जे म्हटलं, ते त्यानं सर्वांदेखत तुझ्या तोंडावर म्हणायचं."

पहिल्या दिवशी गोजरा निंबाजीच्या घरी गेली. तो ओसरीवर कर्णा पुशीत बसला होता. तिनं मागून दोनदा हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही. मांजरानं फळीवरचं मडकं पाडलं, ते फुटलं, तरी त्याची मान हलली नाही. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा तो दचकला.

"निंबाजीदादा, भस्माची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

तो बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिला. "दुधाचं येसू म्हणाली," तो म्हणाला. "भस्म मी घातलं. बोलण्यात." आणि मान खाली घालून पुन्हा कर्णा पुसू लागला.

गोजराला सगळं कळलं. निंबाजीचे कान गेले होते. गेले काही महिने मधूनमधून कर्णा भलत्या वेळी वाजे तो त्यामुळे, आणि ती चूक दुसऱ्या कुणावर जावी म्हणून त्यानं बोलण्यात भस्म घातलं होतं. ती उठली आणि महाद्वारापाशी आली, तर उंबऱ्यातून वक्रनाथाची सावली उभी राहिली.

"त्याचं गुपित राजाला सांग," सावली म्हणाली. "एकच वाक्य. नगर त्याच्यावर उलटेल, तू सुटशील. आणि तुझं वाक्य खोटंही नसेल."

गोजरा उभी राहिली. खरं सांगायचं तर ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. पंधरा दिवस तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. एक वाक्य बोलली असती तर शंभर माणसं तिच्याभोवती गोळा झाली असती. मग तिच्या डोळ्यांपुढं निंबाजीची चटई आली, तिच्या चटईसारखीच खांबाआड सरकवलेली.

"नाही सांगणार," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "नाथजी, तुम्ही चुन्यात काय मिसळत होता?"

सावली हलली. तीनशे वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"गूळ," ती म्हणाली. "गूळ आणि बेलफळाचा गर. त्यानं चुना घट्ट धरतो." आणि ती उंबऱ्यात उतरली.

दुसऱ्या दिवशी गोजरा येसूच्या दारात गेली. येसूनं दार अर्धंच उघडलं.

"येसू, दुधाची गोष्ट तुला कुणी सांगितली?"

"खंडोजींनी. ते म्हणाले, बुवांचा श्वास तुझ्याकडे गेला. तू रोज दूध नेत होतीस, म्हणून मी दुधाचं म्हटलं. एवढंच." येसूनं दार आणखी थोडं उघडलं. "मला भीती वाटली गं. तुझ्याशेजारी बसले तर मलाही बोलतील, असं वाटलं."

गोजराला खूप बोलायचं होतं. 'मला विचारायचं होतंस' एवढं तरी. पण तिच्या आवाजात राग भरून आला होता, आणि रागावायचं नव्हतं. ती काही न बोलता परतली. ती वाट तिला फार लांब वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती खंडोजींकडे गेली. खंडोजी नगारा वाजवीत, नगारखान्याचे नाईक होते, वजनदार माणूस. त्यांनी तिला बसायला पाट दिला.

"बुवा स्वतः म्हणाले, माझा श्वास आता गोजराकडे आहे. मी जिन्यावर तेवढंच सांगितलं. अक्षर जास्त नाही."

"कसे म्हणाले, खंडोजी? रागानं? दुःखानं?"

खंडोजींनी नगाऱ्याची टिपरी उचलून पुन्हा खाली ठेवली. "ते मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "मी घाईत होतो."

गोजरा बेलाच्या राईतून धावतच गेली. झोपडी होती, पण झोपडीला दार नव्हतं. त्या राज्यात ज्या घरी पंधरा दिवस कुणी बोलायला गेलं नाही, त्या घराचं दार भिंतीत मिटून जाई. देवळातला पुजारी छपराच्या झरोक्यातून भाकरी आत सोडी, पण बोलत नसे. कुडाला हात लावून गोजरानं हाका मारल्या. दारच मिटलेलं, हाक आत जाईना. सांज फार दूर नव्हती. काय करावं ते न सुचून ती तिथंच बसली आणि तिनं सनई ओठांना लावली. आपल्याशिवाय कुणालाही ऐकू न येणारा तो एकच स्वर ती डोळे मिटून वाजवीत राहिली.

आतून खोकल्याचा आवाज आला. मग क्षीण शब्द आले, "गोजरा, सूर जरा उतरलाय. सनईच्या तोंडची पत्ती बदल."

तिच्या हातून सनई गळून पडली. तिचा सूर कुणीतरी ऐकला होता. ती कुडाला डोकं टेकून रडली, आणि ती रडत असताना कुडात दार उमटलं.

बुवा खाटेवर होते, वाळून काटकीसारखे झालेले. "येईनाशी झालीस," ते म्हणाले. "मला वाटलं, म्हाताऱ्याला कंटाळलीस."

"लोक बोलतील म्हणून आले नाही, बुवा." आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

बुवा ऐकत राहिले. "म्हणालो होतो खरा," ते म्हणाले. "आनंदानं म्हणालो होतो. माझा श्वास आता गोजराकडे आहे, मी गेलो तरी द्वार उघडत राहील, असं म्हणालो. पुढचं ऐकायला खंडोजी थांबलाच नाही."

गोजरा जमिनीकडे बघत होती. "मला कधी म्हणाला नाहीत."

"तुला ठाऊक असेल, असं धरून चाललो."

"नव्हतं ठाऊक, बुवा. वीस वर्षांत नव्हतं."

बुवांना जिना चढण्याची ताकद नव्हती. गोजरानं निरोप धाडला, तेव्हा खंडोजी आणि निंबाजी आले. दोघांनी खाटेसकट त्यांना उचलून नगारखान्यात आणलं. राजा आला, खाली सारी नगरी जमली. सूर्य तटाला टेकला होता.

खंडोजी पुढं झाले. "मी अर्धं ऐकलं आणि अर्धंच सांगितलं." येसू म्हणाली, "दूध मी जोडलं." निंबाजी उशिरानं उभा राहिला. त्याला कुणी ढकललं नव्हतं. "भस्म मी घातलं," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही, महाराज. वर्ष झालं. माझी चूक तिची दिसावी म्हणून घातलं."

मग बुवांनी गोजराला जवळ बोलावलं. श्वास जुळवीत, थांबत थांबत, ते तिच्याकडे बघून बोलले, "माझा श्वास आता तुझ्याकडे आहे, गोजरा. मी तो आनंदानं दिला आहे."

तिनं पत्ती बदलून सनई फुंकली. येसूचे हात झांजेवरच थिजले, कारण तिला तो सूर ऐकू आला. मग सगळ्यांनाच आला. खंडोजींनी टिपरी उचलली, सनया सुराला टेकल्या, आणि महाद्वार करकरत मागं सरलं. उंबऱ्यातून एक सावली निघाली, नदीच्या वाटेनं चालू लागली आणि पाण्यापाशी पोचता पोचता विरून गेली. तिच्या मागोमाग घागरी घेऊन सारी नगरी धावली.

राजा निंबाजीकडे वळला. "याला काय शिक्षा द्यावी, बाई?"

गोजरानं विचार केला. "यांना माझ्या शेजारी बसू द्या, महाराज. कर्ण्याची वेळ आली की मी यांच्या गुडघ्यावर हात ठेवीन."

राजानं तशी आज्ञा केली. निंबाजीला ती ऐकू आली नाही. खंडोजींनी त्याला खुणेनं समजावली, तेव्हा त्यानं उपरण्यात तोंड लपवलं.

सगळं पहिल्यासारखं एका दिवसात झालं नाही. काही जण फार गोड बोलू लागले, आणि त्याचाही गोजराला शीण होई. ती पुन्हा बुवांकडे दूध नेऊ लागली. चौथ्या दिवशी, दिवेलागणीला, तिच्या दारात येसू आली. आत ये म्हणावं की नको, हे गोजराला कळेना, आणि आत जावं की नको, हे येसूला. अखेर गोजरानं दुसरं ताट मांडलं. वरणात मीठ कमी होतं. येसूनं ते मागितलं, गोजरानं दिलं. दोघी फारसं बोलल्या नाहीत, पण येसू ताट विसळून होईपर्यंत थांबली.

अशी त्या नगराच्या द्वाराची हकिगत. जशी घडली तशी सांगितली, आपल्या पदरचं काही घातलं नाही.