टिकली मुंगीचं अंडं चिपाडात

एक होती मुंगी. तिचं नाव टिकली.
टिकलीच्या तोंडात एक पांढरं अंडं. अंड्यात तिचं बाळ.
टिकली निघाली नव्या वारुळाला. तुरू तुरू, तुरू तुरू.

वाटेत लागलं गुऱ्हाळ. तिथं कढईत उसाचा रस उकळत होता. रटरट, रटरट. रसाचा गूळ होत होता.
मोठ्या चुलीपाशी शिदूतात्या बसले होते. रस काढला की उसाची चिपाडं उरतात. वाळली की छान जळतात. तात्या ती चुलीत घालत होते.
सर्र! चिपाड आत. धगधग, धगधग!

टिकलीला दिसला गुळाचा खडा. पिवळा पिवळा. गोड गोड.
तिनं अंडं एका चिपाडात ठेवलं.
"एकच घास खाते हं, बाळा."
एक घास खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा. मग मोजलेच नाहीत.
पोट झालं टम्म. पाय धावले गरगर, गरगर. उगीचच धावले. मग थकले. डोळे मिटले. टिकली झोपली.

जाग आली. डोकं जड जड. डोक्यात नुसतं धुकं.
"माझं बाळ कुठंय?"
चिपाडात ठेवलं होतं. कुठल्या चिपाडात? आठवेना.
समोर ढीग. खाटेएवढा. सगळी चिपाडं सारखी.
सर्र! चिपाड आत. धगधग, धगधग!

टिकली ओरडली, "तात्या तात्या, थांबा ना!"
मुंगीचा आवाज केवढासा! तात्यांना ऐकूच गेला नाही.

टिकली गेली कुत्र्याकडे. तुरू तुरू, तुरू तुरू. कुत्रा बैलगाडीखाली लोळत होता.
"कुत्रेदादा, कुत्रेदादा, भुंका ना!
बाळ माझं चिपाडात.
तात्या थांबेनात."
कुत्र्यानं पातळ गूळ चाटला होता. वाटीभर.
"गोड खाल्लं, डोकं जड. मी नाही भुंकत, जा. बोका माझी शेपटी ओढेल, तेव्हा भुंकेन."
सर्र! चिपाड आत. धगधग, धगधग! ढीग झाला टोपलीएवढा.

टिकली गेली बोक्याकडे. तुरू तुरू, तुरू तुरू. बोका बैलगाडीत पसरला होता.
"बोकेदादा, बोकेदादा, शेपटी ओढा ना!
बाळ माझं चिपाडात.
तात्या थांबेनात.
कुत्रा भुंकेना."
बोका गुळाचं दूध प्यायला होता. लपालपा.
"गोड खाल्लं, डोकं जड. मी नाही ओढत, जा. बैल गाडी हलवेल, तेव्हा ओढेन."
सर्र! चिपाड आत. धगधग, धगधग! ढीग झाला सुपाएवढा.

टिकली गेली बैलाकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.
"बैलदादा, बैलदादा, गाडी हलवा ना!
बाळ माझं चिपाडात.
तात्या थांबेनात.
कुत्रा भुंकेना.
बोका ओढेना."
बैलानं ऊस खाल्ला होता. करकर, करकर. किती तरी.
"गोड खाल्लं, डोकं जड. मी नाही हलवत, जा. गोमाशी मला चावेल, तेव्हा हलवेन."
सर्र! चिपाड आत. धगधग, धगधग! ढीग झाला ताटाएवढा.

टिकली गेली गोमाशीकडे. तुरू तुरू, तुरू तुरू. गोमाशी बसली होती पाण्याच्या बादलीच्या कडीवर.
"माशीताई, माशीताई, चावा ना!
बाळ माझं चिपाडात.
तात्या थांबेनात.
कुत्रा भुंकेना.
बोका ओढेना.
बैल हलवेना."
गोमाशी रसात लोळली होती. पंख सगळे चिकट.
"गोड खाल्लं, डोकं जड. मी नाही चावत, जा. बेडूक पाणी उडवेल, तेव्हा चावेन."
सर्र! चिपाड आत. धगधग, धगधग! ढीग झाला ओंजळीएवढा.

बादलीशेजारी बेडूक बसला होता.
बेडूक गोड खात नाही. बेडूक मुंग्या खातो.
टिकली थांबली.
तिनं मागं पाहिलं. चिपाडं अगदी थोडी उरली होती.
टिकली पुढं गेली.
"बेडूकराव, बेडूकराव, पाणी उडवा ना!
बाळ माझं चिपाडात.
तात्या थांबेनात.
कुत्रा भुंकेना.
बोका ओढेना.
बैल हलवेना.
माशी चावेना."
बेडूक म्हणाला, "मला भूक लागलीय. मी तुलाच खातो."
टिकली बादलीच्या काठावर चढली. भरभर चढली.
"खा," ती म्हणाली. "पण उडी मारून खा."

टुणुक! बेडकानं उडी मारली.
लप्पकन् जीभ आली. टिकलीचा एक पाय गेला.
बेडूक पडला बादलीत. धप्पाक!
पाणी उडालं. टिकलीवर उडालं. गोमाशीवर उडालं.

पंख धुतले. गोमाशी उडाली. भुण भुण!
गोमाशी चावली, बैल उसळला. हम्मा!
बैल उसळला, गाडी हलली. खडखड!
गाडी हलली, बोका पडला. म्याँव!
बोका पडला, त्यानं कुत्र्याची शेपटी ओढली.
शेपटी ओढली, कुत्रा भुंकला. भो भो! भो भो!

तात्या दचकले. "काय रं? काय झालं तुला?"
त्यांनी हातातली चिपाडं खाली ठेवली. कुत्र्याकडे गेले.
शेवटची तीन चिपाडं. चुलीच्या तोंडाशी.

टिकली आली. पाच पायांवर आली. लंगडत लंगडत.
तोंडातला गूळ धुऊन गेला होता. धावून धावून डोक्यातलं धुकं विरलं होतं. आता तिला आठवलं.
चिपाडाला जांभळी गाठ होती. गाठीजवळ चीर होती. चिरेत बाळ होतं.
पहिलं चिपाड पाहिलं. गाठ पिवळी. हे नाही.
दुसरं चिपाड पाहिलं. गाठ हिरवी. हे नाही.
तिसरं चिपाड पाहिलं. गाठ जांभळी!
टिकलीनं अंडं ओढलं. हुश्श! ओढलं. हुश्श! अंडं निघालं.

तात्या परत आले.
सर्र! चिपाडं आत. धगधग, धगधग! ढीग संपला.

अंडं गरम होतं. खूप गरम.
टिकलीनं ते गार मातीवर ठेवलं. चाटलं.
"बाळा?"
काही नाही.
"बाळा, मी आलेय."
काही नाही.
टिकली हलली नाही. ती अंड्याला टेकून बसली. तिचा पाय दुखत होता. खूप वेळ गेला.

मग आत काहीतरी हललं. एवढंसं. वळवळ. वळवळ.

टिकलीनं बाळ उचललं. घट्ट धरलं. वारुळापर्यंत एकदाही खाली ठेवलं नाही.
मुंगी गेली वारुळात, गोष्ट निजली कुशीत.