खाकरून दिलेली हाक

राजा रणधवल अंगभर उटणं चोळून हौदात बसला होता, आणि पखालवाले एकामागून एक मुजरा करून हौदातलंच पाणी पखालींत भरून नेत होते.

"अरे, हे काय चाललंय?"

"हुकूम झालाय जी," पखालवाल्यांचा नाईक रायाजी मान खाली घालून म्हणाला. "आधी शिंग वाजलं, मग नगारा. म्हणजे हौदातलं काढा आणि गजतळ्यात ओता."

"मी पाणी आणायला सांगितलं होतं!"

"सांगितलं असंल जी. वाजलं मात्र न्या म्हणून."

झालं होतं असं. गडावर पाण्याचे हुकूम वाद्यांवर सुटत. नगारा म्हणजे हत्तींचं गजतळं, शिंग म्हणजे राजाचा हौद, हलगी म्हणजे मुदपाकखाना. आधी वाजेल तिथून पाणी काढायचं, मागून वाजेल तिथे ओतायचं. ही बोली कुणा एकाच्या मालकीची नव्हती. गडाखालच्या वाड्यावस्त्यांवरही लोक आपापल्या विहिरींसाठी तीच वाजवत, आणि गडाचे पखालवाले तिथलंही पाणी भरत. पण नवे कारभारी मुकुंदपंत परमुलखात शिकून आले होते. ते म्हणाले, "जायचं कुठे ते आधी सांगावं, निघायचं कुठून ते मागाहून. शहाण्यांची रीत हीच." त्यांनी नगारखान्यात जुन्या वाजवणाऱ्यांच्या जोडीला आपली माणसं बसवली आणि त्यांच्यापुरता क्रम उलटा केला.

मग गडावर दोन तट पडले. जुने ते 'कुठूनवाले', नवे ते 'कुठेवाले'. पाणवठ्यावर भांडणं, जेवणाच्या पंगतीत भांडणं. कुठूनवाल्याने कुठेवाल्याच्या घरची सोयरीक मोडली. आणि एके दिवशी पखालवाल्यांनी मुदपाकखान्यातली ताजी कढी इमानेइतबारे नेऊन हत्तींना पाजली.

राजाने दोन्ही तटांना दरबारात उभं केलं. राजा मोठा हट्टी. कुणा एकाची बाजू घेतली तर दुसरा रुसेल, म्हणून त्याने असा हुकूम काढला की दोघांचीही तोंडं उतरली.

"जुनी हाक बदलायची नाही. नवी हाकही बदलायची नाही. दोन्ही चालल्या पाहिजेत आणि पाणी चुकता कामा नये. उद्या दुपारपर्यंत तोड काढा. नाहीतर पखालवाले गड उतरतील आणि पंतही त्यांच्यामागे."

रायाजी घरी आला तो भिंतीला टेकून बसला. जन्म गडावर गेला होता. खाली ना घर, ना शेत. त्याची लेक साळू बापाच्या बरोबरीने पखाल वाहायची. जिभेला धार. बापाचं ताट तसंच झाकलेलं पाहून तिने ते पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

एवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. चुलीपाशी बसलेल्या आईने झटकन डोईवर पदर घेतला. बाहेर शेजारचे म्हातारबा होते, विस्तव मागायला आले होते.

साळूने आईकडे पाहिलं. "आये, त्यांनी तोंड उघडायच्या आत तुला कसं कळलं पदर घ्यायचा ते?"

"अगं, खाकरले नव्हं का?"

साळू खुदकन हसली. "बाबा, जेवून घ्या. आपण कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. हातात झांज होती.

"महाराज, नव्या रीतीची हाक असंल, तर आधी झांजेचा एक ठोका द्यायचा. झांज वाजली की पखालवाला समजंल, आता उलटं ऐकायचं. झांज नसंल तर नेहमीसारखं."

"हाक बदलायची नाही, असं मी बजावलं होतं," राजा म्हणाला.

"हाक तीच हाय जी. ही नुसती खाकरली. पाव्हणा दारात खाकरतो, तवा तो अजून काही बोललेला नसतो. पण घरातली माणसं सावरून बसत्यात."

राजाच्या मिशीचं टोक हललं. त्याने परीक्षा घेतली. आधी झांज, मग शिंग, मग नगारा. पखालवाले धावले आणि गजतळ्याचं पाणी हौदात आलं. मग झांजेविना नगारा आणि शिंग. पुन्हा हौदातच आलं. दोन्ही तटांची माणसं एकाच हौदाच्या काठावर एकमेकांकडे बघत उभी राहिली.

मुकुंदपंतांचा चेहरा मात्र आंबला होता. "महाराज, आमची रीत शहाण्यांची. मग आम्हीच का खाकरायचं? जुन्यांनी खाकरावं."

"का गं?" राजाने साळूला विचारलं. "हेही खरंच की."

"जी, खाली वाड्यावस्त्यांवर जे वाजवत्यात, त्यांना हे भांडण ठाऊकबी नाही. ते न खाकरताच वाजवणार. त्यांच्या दारोदार कोण सांगत फिरणार? पंतांना ठाऊक हाय की आपण नवं आलो." ती पंतांकडे वळून अदबीने म्हणाली, "पंत, बिऱ्हाड ज्यानं बदललं, पत्ता त्यानंच सांगायचा असतो. शेजाऱ्यांनी न्हाई."

पंत उत्तर द्यायला उठले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सवयीप्रमाणे आधी घसा खाकरला.

"हं, आता उलटं ऐका रे," मागून कुणीतरी म्हणालं.

राजा असा हसला की डोईवरचा मंदिल कलला. कुठूनवाले हसले, कुठेवाले हसले, आणि थोड्या वेळाने पंतांनाही हसू आवरेना. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून साळूच्या हातात घातलं आणि त्याच दिवसापासून नगारखान्याची नाईकी तिच्या नावे केली.